डिझेल फिल्टर केव्हा बदलावा? अवर मीटरचा हिशेब आणि बॅरलच्या तळाचे पाणी

दिल्लीभोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे हरियाणातील सोनीपत, पानिपत, झज्जर या जिल्ह्यांत, उत्तर प्रदेशातील बागपत-मेरठच्या पट्ट्यात आणि खुद्द दिल्लीच्या नरेला, अलीपूर, नजफगड या ग्रामीण भागांत, ट्रॅक्टरची खरी कसोटी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लागते. भाताची कापणी संपते आणि त्याच शेतात गहू पेरावयाचा असतो. मधला अवधी जेमतेम तीन आठवड्यांचा. भाताची धसकटे न जाळता त्यांतच पेरणी करणारी हॅपी सीडर, सुपर सीडर ही अवजारे या भागात आता रुळली आहेत. २०१८-१९ पासून केंद्र सरकारने पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्लीसाठी पीक अवशेष व्यवस्थापनाची योजना राबविली आणि अनुदानावर ही यंत्रे गावोगावच्या भाडे केंद्रांपर्यंत पोहोचली. ती ओढण्यास ४५ ते ५० अश्वशक्ती व त्याहून मोठे ट्रॅक्टर लागतात आणि काम चालू असताना इंजिनावर सतत पूर्ण भार असतो.

असा ट्रॅक्टर गोठ्यात व्यवस्थित सुरू होतो, रस्त्याने नीट चालतो आणि शेतात अवजार जमिनीला टेकले की दम सोडतो. इंजिनाचे फेरे कमी-जास्त होऊ लागतात, पाच मिनिटांत ते बंद पडते. दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू केले तर सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. मिस्त्री येईपर्यंत दिवस मावळतो. उत्तर भारतात गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापलीकडे गेली की उशिराच्या प्रत्येक दिवसामागे उत्पादन साधारण एक टक्क्याच्या आसपास घटते, कारण दाणे भरण्याच्या वेळी पीक मार्चच्या उष्णतेत सापडते. २०२२ चा मार्च हा देशातील १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला होता, ही गोष्ट तेथील गहू उत्पादक विसरलेले नाहीत. काही शे रुपयांच्या डिझेल फिल्टरचा प्रश्न असा थेट धान्याच्या राशीपर्यंत येऊन पोहोचतो.

त्यामुळे ‘डिझेल फिल्टर किती तासांनी बदलावा?’ हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांना वारंवार ऐकावा लागतो. त्याचे छापील उत्तर उपलब्ध आहे. ट्रॅक्टरसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत ते दिलेले असते. अनेक भारतीय ट्रॅक्टरांच्या बाबतीत पहिला फिल्टर २५० ते ५०० तासांनी आणि दुसरा ५०० ते १००० तासांनी बदलण्याची शिफारस आढळते. मॉडेलनुसार आकडा बदलतो, म्हणून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा आपल्या ट्रॅक्टरला लावू नये. परंतु ही सर्व आकडेमोड एका गृहीतावर उभी आहे: टाकीत जाणारे डिझेल स्वच्छ आणि कोरडे आहे. खेड्यातील डिझेलचा प्रवास पाहिला तर हे गृहीत अनेक ठिकाणी टिकत नाही. फिल्टरचे आयुष्य इंजिनाच्या तासांपेक्षा टाकीत काय ओतले गेले यावर अधिक ठरते, आणि पुढील सर्व विवेचन त्याच अनुषंगाने आहे.

तास मोजण्यातील एक खोच

मोटारीचे अंतर किलोमीटरमध्ये मोजतात, ट्रॅक्टरचे काम तासांत. शेतात उभा राहून पी.टी.ओ.वर फवारणी यंत्र किंवा मळणी यंत्र चालविणारा ट्रॅक्टर एकही किलोमीटर न चालता दिवसभर डिझेल जाळतो. मात्र जुन्या ट्रॅक्टरांवरील यांत्रिक अवर मीटर घड्याळाचे तास दाखवीत नाही. ते इंजिनाचे फेरे मोजते आणि ठरावीक वेगाने एक तास झालेल्या फेऱ्यांना ‘एक तास’ म्हणते. मंद गतीवर दोन तास चाललेले इंजिन मीटरवर एकाच तासाच्या जवळपास दिसू शकते. इलेक्ट्रॉनिक मीटर बहुधा प्रत्यक्ष वेळ मोजते. आपल्या ट्रॅक्टरवर कोणते मीटर आहे, एवढे तरी मालकाला ठाऊक असावे. मीटर बंद पडलेले असेल, आणि अशी मीटरे पुष्कळ दिसतात, तर भरलेल्या डिझेलची नोंद हा पर्यायी हिशेब ठरतो. भारी कामात ताशी सरासरी पाच लिटर लागत असतील तर १२५० लिटर म्हणजे २५० तास. फिल्टरच्या दृष्टीने हा हिशेब अधिक न्याय्यही आहे, कारण त्यातून गेलेले असते ते डिझेल.

दोन ट्रॅक्टरांची कल्पना करावी. भाडे केंद्रातील एक ट्रॅक्टर पेरणीच्या हंगामात रोज बारा तास असा पंचवीस दिवस चालतो आणि ३०० तास पूर्ण करतो. लहान शेतकऱ्याचा दुसरा ट्रॅक्टर हेच ३०० तास वर्षभरात पूर्ण करतो. मीटरवर दोघे सारखेच दिसतात. पहिल्याचा फिल्टर धुळीने भरतो. दुसऱ्याचा फिल्टर महिनोन्‌महिने पाण्याच्या सहवासात उभा राहतो. म्हणूनच तास पूर्ण झाले नसले तरी वर्षातून एकदा फिल्टर बदलावा, हा नियम कमी वापराच्या ट्रॅक्टरला लागू करावा लागतो.

फिल्टरपुढचे काम

डिझेल इंजिनात इंधन पंप आणि नोझल यांच्या आतील भागांमधील फट दोन ते चार मायक्रॉन इतकी सूक्ष्म असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. डोळ्यांना दिसणारा कण फिल्टरच्या दृष्टीने डोंगर आहे. खरी हानी करतात ते न दिसणारे, पाच-दहा मायक्रॉनचे सिलिकाचे कण. ते फटीत शिरून धातू घासतात. नोझलची फवारणी बिघडते, थेंब मोठे पडतात आणि डिझेल अर्धवट जळते. फवारणी पंपाचे झिजलेले नोझल ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पानावर औषध सारखे पसरण्याऐवजी ओघळ उतरतात, तसाच हा प्रकार.

बहुतेक ट्रॅक्टरांत दोन फिल्टर एकापाठोपाठ असतात. पहिला जाड कचरा व पाणी अडवितो, दुसरा सूक्ष्म कण. अनेकांत फिल्टरखाली पाणी साठण्यासाठी पारदर्शक वाटी किंवा तळाला निचरा स्क्रू असतो. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे उत्सर्जन मानक लागू झाले आणि त्या वर्गात कॉमन रेल इंजिने आली. जुन्या पद्धतीच्या इंजिनात नोझल सुमारे २०० बार दाबाला उघडते. कॉमन रेलमध्ये हा दाब दीड हजार बारच्याही पुढे जातो. जुने इंजिन थोडी घाण सोसून कुरकुरत चालत राही. नव्या इंजिनाला ती सहनशीलता नाही आणि एकेका इंजेक्टरची किंमत अनेक हजारांत जाते. ‘आमच्या वडिलांच्या ट्रॅक्टरला पाच वर्षे फिल्टर बदलला नव्हता’ हा दाखला नव्या यंत्राला लावणे महागात पडेल.

इंधनही बदलले आहे. दिल्लीत १ एप्रिल २०१८ पासून आणि संपूर्ण देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ दर्जाचे डिझेल मिळते. बीएस-३ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ३५०, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये कमाल १० आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचे नैसर्गिक वंगणगुणही घटतात, म्हणून शुद्धीकरण कारखान्यात वंगण वाढविणारे द्रव्य मिसळले जाते. पंपाचे वंगण डिझेलच करीत असल्यामुळे त्यात पाणी आणि धूळ मिसळू न देणे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे.

येथे धुराबद्दलचा एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली व राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मनाई केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून त्या भागात डिझेलचा धूर हा कायद्याचा विषय झाला आहे. डिझेल फिल्टर बदलला की काळा धूर जातो, असे मात्र नाही. तुंबलेला डिझेल फिल्टर इंजिनाला कमी इंधन देतो. त्यामुळे शक्ती घटते, धूर वाढत नाही. काळ्या धुराचे पहिले कारण तुंबलेला एअर फिल्टर, दुसरे झिजलेली नोझले. डिझेल फिल्टरची भूमिका ही झीज आधीच रोखण्यात आहे. झीज झाल्यानंतर फिल्टर कितीही बदलले तरी नोझल पूर्ववत होत नाही.

धूळ, पाणी आणि त्यांवर जगणारे जीव

दिल्लीच्या आसमंतातील माती गाळाची, पिठासारखी बारीक. मे-जूनमध्ये राजस्थानकडून येणाऱ्या ‘आँधी’त ही धूळ घराच्या बंद कपाटातही शिरते, मग डिझेलच्या डब्याची काय कथा. टाकीचे झाकण उघडून, पत्र्याच्या डब्याने, उघड्या नरसाळ्यातून शेतातच डिझेल ओतले की प्रत्येक वेळी थोडी धूळ आत जाते. नरसाळ्यावर जुने धोतर किंवा बनियनचे कापड बांधण्याची पद्धत आहे. त्याने काड्या-कचरा अडतो, दहा मायक्रॉनचा कण अडत नाही आणि कापडाचे तंतू मात्र टाकीत जातात.

पाण्याविषयी सर्वत्र सांगितले जाते की रात्री टाकी अर्धी राहिली तर मोकळ्या जागेतील हवेतून दव पडते आणि पाणी साठते. हे खरे आहे, पण त्याचे प्रमाण तपासून पाहावे. ३० अंश सेल्सियसला दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते. टाकीत ५० लिटर जागा रिकामी असेल तर तेथील सर्व हवेत मिळून दीड ग्रॅम. दिवस-रात्रीच्या तापमानबदलाने या हवेचा जेमतेम पाच टक्के भाग आत-बाहेर होतो. म्हणजे महिनाभरात दोन-तीन ग्रॅम. संध्याकाळी टाकी भरून ठेवण्याची सवय चांगलीच आहे, तथापि फिल्टरच्या वाटीत अर्धा पेला पाणी सापडते ते दवाचे नव्हे. ते बॅरलमधून आलेले असते. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या दोनशे लिटरच्या बॅरलच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते. दिवसा आतील हवा तापून बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते, रात्री थंड होऊन आकसते आणि माथ्यावरचे पाणी त्याच आट्यांतून आत ओढून घेते. बूच घट्ट असूनही हे घडते. उपाय साधा आहे. बॅरल छपराखाली आडवे ठेवावे, मागील बाजू किंचित खाली करावी, भरल्यावर निदान एक दिवस न हलविता ठेवावे आणि काढण्याची नळी तळापासून चार बोटे वर राहील अशी बसवावी. तळाचे शेवटचे काही लिटर ट्रॅक्टरमध्ये कधीही ओतू नयेत. जस्ताचा मुलामा दिलेले डबे व टाक्या डिझेलसाठी वापरू नयेत. जस्ताशी होणाऱ्या रासायनिक क्रियेतून साबणासारखे पदार्थ तयार होतात आणि तेही फिल्टरवर बसतात.

पाणी साठले की त्यात सजीव येतात. डिझेल आणि पाणी यांच्या सीमारेषेवर वाढणाऱ्या बुरशीपैकी सर्वपरिचित म्हणजे अमॉर्फोथेका रेझिनी. तिला ‘केरोसीन बुरशी’ असेही म्हणतात आणि विमानांच्या इंधन टाक्यांत तिने पूर्वी बराच उपद्रव दिला आहे. ही बुरशी पाण्यात राहते आणि वरच्या इंधनातील हायड्रोकार्बनवर पोसते. तिच्याबरोबर जिवाणूही असतात. त्यांचा मिळून तपकिरी-काळा, बुळबुळीत थर तयार होतो, त्यातील आम्लांनी टाकीचा पत्रा गंजतो आणि ट्रॅक्टर धक्के खात चालू लागला की या थराचे तुकडे सुटून फिल्टरवर चिकटतात. नवा फिल्टर पन्नास तासांत तुंबला आणि काढल्यावर त्यावर धुळीऐवजी चिकट लिबलिबीत थर दिसला, तर दोष फिल्टरचा नसून टाकीचा आहे. अशा वेळी फिल्टरमागून फिल्टर बदलणे व्यर्थ असते. टाकी उतरवून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावी. डासांच्या बंदोबस्ताचे तत्त्व येथेही लागू पडते: साचलेले पाणी काढले की पुढच्या पिढीला जागा राहत नाही. डिझेलमध्ये जैवडिझेल मिसळलेले असल्यास अधिक दक्षता घ्यावी, कारण ते साध्या डिझेलपेक्षा जास्त पाणी धरून ठेवते, सूक्ष्मजीवांना सुलभ अन्न ठरते आणि टाकीतील जुना गाळही सोडविते. राष्ट्रीय जैवइंधन धोरण, २०१८ मध्ये २०३० पर्यंत पाच टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले असल्याने हा विषय पुढेही येत राहणार आहे.

खनिज तेलात जगणे केवळ बुरशीलाच साधले आहे असे नाही. कॅलिफोर्नियातील डांबराच्या नैसर्गिक डबक्यांत हेलिओमाया पेट्रोली नावाच्या माशीच्या अळ्या कच्च्या तेलात पोहत वाढतात आणि त्यात अडकून मेलेले कीटक खातात. ट्रॅक्टरच्या टाकीत ही माशी सापडण्याची भीती नाही. दुसरे काही जीव मात्र इंधनाचा पुरवठा खरोखर बंद पाडू शकतात आणि त्यांचा दोष हकनाक फिल्टरच्या माथी मारला जातो. टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक छिद्र किंवा नळी असते. डिझेल खर्च होईल तसतशी तेथून हवा आत यावी लागते. कुंभारमाशीला चिखलाचे घरटे करण्यासाठी अशी भोके फार आवडतात. महिनाभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या छिद्रात तिने माती भरली, अथवा धूळ आणि तेलाच्या चिकट्याने ते बुजले, की टाकीत निर्वात पोकळी निर्माण होते आणि तुंबलेल्या फिल्टरची सर्व लक्षणे हुबेहूब दिसतात. कोळी हा कीटक नव्हे, परंतु या कामात तोही मागे नाही. २०११ मध्ये एका जपानी कंपनीला अमेरिकेतील पन्नास हजारांहून अधिक मोटारी तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. पेट्रोल टाकीच्या वायुवीजन नळीत पिवळ्या कोळ्याची जाळी आढळली होती आणि त्यामुळे टाकीला तडा जाण्याचा धोका होता.

म्हणून ट्रॅक्टर भाराखाली बंद पडू लागला की पहिली तपासणी बिनखर्चाची करावी. टाकीचे झाकण सैल करून पाच मिनिटे काम करावे. ट्रॅक्टर सुधारला तर छिद्र तारेने मोकळे करावे. फिल्टर विकत आणण्याचे कारण नाही.

थंडीतला फसवा तुंबारा

जानेवारीच्या धुक्यात, पारा चार-पाच अंशांवर असताना, दिल्लीच्या परिसरात फिल्टर तुंबल्याची आणखी एक तऱ्हा दिसू शकते. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. थंडीत त्यांचे स्फटिक होऊन ते फिल्टरच्या कागदावर बसतात. यासाठी भारतीय मानकात डिझेलचे उन्हाळी व हिवाळी निकष वेगळे ठेवले आहेत. थंडीत फिल्टरमधून वाहत राहण्याची मर्यादा उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश, तर हिवाळी डिझेलसाठी ६ अंश सेल्सियस आहे. मे महिन्यात स्वस्त मिळाले म्हणून भरून ठेवलेले बॅरल जानेवारीच्या पहाटे ट्रॅक्टरमध्ये ओतले, तर पंपावरच्या ताज्या डिझेलवर विनातक्रार चालणारा ट्रॅक्टर या डिझेलवर थांबू शकतो. ऊन वर आले की तो आपोआप सुरू होतो आणि तीच या प्रकाराची खूण आहे. महाराष्ट्रात बहुतेक भागांना हा अनुभव येणार नाही. निफाडचा पारा मात्र काही हिवाळ्यांत पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि पहाटे द्राक्षबागेत फवारणीस निघालेल्या ट्रॅक्टरने हे लक्षण दाखविले तर उन्हाळ्यातील साठवणीची चौकशी आधी करावी.

तक्त्यानुसार की तपासणीनुसार?

कीड व्यवस्थापनात हा वाद जुना आहे. एके काळी कॅलेंडरप्रमाणे, दर पंधरा दिवसांनी फवारणी करण्याची रीत होती. १९५९ मध्ये स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्थिक नुकसान पातळीची संकल्पना मांडली आणि आधी मोजावे, मग फवारावे हा विचार रुजला. डिझेल फिल्टरला हा विचार जसाच्या तसा लावता येईल का? अर्धाच लावता येतो. शेतातील अळ्या मोजता येतात आणि त्या पातळीपर्यंत पोहोचण्याआधी काही दिवसांची सवड मिळते. कागदी फिल्टर मात्र बराच काळ काहीच न दाखविता काम करतो आणि शेवटच्या टप्प्यात वेगाने तुंबतो. लक्षण दिसले तेव्हा नेमका पेरणीचा दिवस असतो. त्याहून वाईट म्हणजे फाटलेला किंवा हलक्या प्रतीचा फिल्टर कोणतेच लक्षण दाखवीत नाही, घाण निमूट पुढे सोडतो. यास्तव पुस्तिकेतील तास ही कमाल मर्यादा मानावी आणि तपासणीचा उपयोग ती कमी करण्यासाठी करावा, वाढविण्यासाठी कधीही करू नये.

तपासणी अशी. हंगामात आठवड्यातून एकदा, किंवा दर पन्नास तासांनी, सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी पहिल्या फिल्टरचा निचरा स्क्रू सैल करून एक पेलाभर डिझेल काचेच्या स्वच्छ बरणीत घ्यावे आणि अर्धा तास स्थिर ठेवावे. तळाशी पाण्याचा थर, मातीचा गाळ किंवा काळे तंतू आहेत का ते उजेडाकडे धरून पाहावे. सलग तीन आठवडे नितळ डिझेल आले तर पुस्तिकेतील अंतर पाळणे पुरेसे आहे. प्रत्येक वेळी गाळ येत असेल तर अंतर निम्मे करावे आणि बॅरलची व्यवस्था सुधारावी. पाणी येत राहिले तर आधी त्याचा स्रोत शोधावा. फिल्टर त्यानंतर.

वरचेवर फिल्टर बदलणे निरुपद्रवी असते, हाही समज बरोबर नाही. किंचित वापरलेल्या फिल्टरवर बसलेला कणांचा पातळ थर पुढील सूक्ष्म कण अडविण्यास मदत करतो आणि प्रत्येक बदलाच्या वेळी इंधनाची बंद वाट धुळीला उघडी होते. शेताच्या बांधावर, वारा सुटलेला असताना, तेलकट हातांनी केलेली फिल्टरची बदली कधी कधी न बदलण्यापेक्षा अधिक घाण आत सोडते.

बदलताना प्रथम फिल्टरचा सभोवार आणि नळ्यांचे सांधे धुऊन कोरडे करावेत. कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊन किंवा हवा मारून पुन्हा वापरू नये, कारण त्याची छिद्रे फाटतात. जुन्या काही ट्रॅक्टरांतील कापडी वा नमद्याचा पहिला फिल्टर धुता येतो, तोही पुस्तिकेत तसे म्हटले असेल तरच. दोन्ही फिल्टर एकाच मापाचे असल्यास दुसऱ्या जागचा पहिल्या जागी सरकवून नवा दुसऱ्या जागी लावण्याची काही मिस्त्रींची पद्धत आहे. त्यात थोडी बचत होते, पण वापरलेला फिल्टर हाताळताना त्यावरील कण आतल्या बाजूस जाण्याचा धोका राहतो. ही काटकसर टाळलेली बरी. एअर लवकर निघावी म्हणून नवा डबीबंद फिल्टर डिझेलने भरून बसविताना मधल्या मोठ्या छिद्रातून डिझेल ओतणे ही अगदी सर्रास होणारी चूक आहे. मधले छिद्र ही स्वच्छ डिझेलची बाजू असते. तेथून ओतलेले डिझेल न गाळताच पंपाकडे जाते. कॉमन रेल इंजिनात तर फिल्टर कोरडाच बसवावा आणि हातपंपाने किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने डिझेल चढवावे. सांध्यांचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर जुनेच लावल्यास तेथून हवा ओढली जाते आणि ‘फिल्टर बदलला तरी एअर धरतेच’ ही तक्रार सुरू होते.

बाजारातील नकली फिल्टर वरून ओळखणे कठीण असते. शंका असल्यास जुना अस्सल व नवा असे दोन्ही फिल्टर कापून कागदाच्या घड्यांची संख्या, त्यांचे अंतर आणि टोकाकडील चिकटपट्टी शेजारी ठेवून पाहावी. शेतकरी मेळाव्यात हे प्रात्यक्षिक दहा मिनिटांत होते आणि भाषणापेक्षा अधिक काळ लक्षात राहते. ट्रॅक्टरच्या देखभालीचे पद्धतशीर प्रशिक्षण हवे असल्यास बुदनी (मध्य प्रदेश) आणि हिसार (हरियाणा) येथील केंद्र सरकारच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थांमध्ये शेतकरी व तंत्रज्ञांसाठी अभ्यासक्रम चालतात. विदर्भ-खानदेशातील शेतकऱ्यांना बुदनी फार दूर नाही.

वेळ कोणती निवडावी, हे त्या त्या भागाच्या हंगामावर ठरते. राजधानी क्षेत्रात सप्टेंबरचा शेवटचा आठवडा योग्य. पावसाळा सरलेला असतो, बॅरलमध्ये शिरलेले पाणी तळाशी बसलेले असते आणि भातकापणीला दोन-तीन आठवडे उरलेले असतात. द्राक्ष पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीपूर्वी आणि ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांसाठी गाळप सुरू होण्याआधी हे काम उरकावे. भाडे केंद्रांनी प्रत्येक ट्रॅक्टरमागे एक वही ठेवून तारीख, अवर मीटरचा आकडा, भरलेले डिझेल आणि बरणीत काय दिसले, या चार गोष्टी लिहाव्यात. हंगामात ३०० तास चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या पेटीत दोन्ही फिल्टरांचा एकेक अस्सल संच, नवे वॉशर, योग्य मापाचा पाना आणि पिशवीत बांधलेले धुतलेले कापड असावे. काढलेला फिल्टर डिझेल पूर्ण निथळल्यावर वापरलेल्या तेलाबरोबर गॅरेजच्या संकलनात द्यावा. तो बांधावर किंवा विहिरीच्या कडेला टाकू नये.